ओल किती गेली?

'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो. माण, सांगोला, जत, आष्टी, कर्जत या तालुक्यांतल्या एखाद्या शिवारात खरंच कुठेतरी पाणी मुरत असेल, तर लोक पेढे वाटतील. तिथलं दुखणं उलट आहे. पाणी मुरत नाही.

सह्याद्रीच्या पाठीमागच्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाकाठी साधारण 400 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो. तोही एकसारखा नाही. मे महिन्यात एखाददुसरा वळीव, मृगाची हुलकावणी, श्रावणात नुसता वारा आणि भुरभुर, मग उत्तरा-हस्ताच्या दिवसांत गडगडाटासह दोन-चार मोठे तडाखे. वर्षाच्या पावसातला मोठा वाटा अशा मोजक्या दिवसांत उरकतो. म्हणून इथला जुना शेतकरी पाऊस झाल्यावर किती मिलिमीटर झाला हे विचारत नाही. तो विचारतो, "ओल किती गेली?" मग खुरप्याने उकरून बघायचं: चार बोटं, वीतभर, हातभर. वरून उतरलेली ओल खालच्या जुन्या ओलीपर्यंत पोचली की "ओलीला ओल मिळाली" म्हणायचं आणि निर्धास्त व्हायचं. पर्जन्यमापक सांगतो आभाळाने किती दिलं. खुरपं सांगतं जमिनीने किती घेतलं. पीक दुसऱ्या आकड्यावर जगतं.

या दोन आकड्यांत एवढा फरक का पडतो, आणि जमिनीवर गवत, पालापाचोळा किंवा पीक असलं की तो फरक कमी का होतो, ते बघू.

आधी थोडा हिशेब. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर. समजा, अर्ध्या तासात 40 मिलिमीटरचा तडाखा बसला. एकरावर 1 लाख 60 हजार लिटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे सोळा टँकर. ज्या गावात एका टँकरसाठी हंड्यांची रांग लागते, तिथे प्रत्येक एकरावर आभाळाने सोळा टँकर अर्ध्या तासात मोकळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या रानात खुरपं घालून बघा. वर चार बोटं चिखल आणि त्याखाली फुफाटा. सोळापैकी बहुतेक टँकर ओढ्याने निघून गेलेले असतात.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. पाणी वाहून जातं ते जमीन पोटभर पाणी प्यायल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. कोकणात जुलै महिन्यात ते खरंही असतं. तिथे जमीन खालपर्यंत तुडुंब झालेली असते आणि वरून आलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. कोरडवाहू मुलखात तसं नसतं. तिथे खाली फूट-दोन फूट जमीन तहानलेली असते आणि तरीही वरून पाणी वाहतं, कारण पाऊस ज्या वेगाने येतो त्या वेगाने जमीन ते आत घेऊ शकत नाही. रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने 1933 मध्ये ही गोष्ट नीट मांडली. जमिनीची पाणी आत घेण्याची ताशी एक मर्यादा असते. पाऊस त्या मर्यादेच्या आत असला तर सगळा मुरतो, वर गेला तर वरचा भाग वाहतो. वाळूमिश्रित जमीन ताशी 20-30 मिलिमीटर पाणी सहज घेते, पोयट्याची 10-20, आणि भिजून फुगलेली चिकण जमीन जेमतेम 1 ते 5. आपल्या तडाख्याचा वेग होता ताशी 80. म्हणूनच दिवसभर रिपरिपणारा भिजपाऊस 20 मिलिमीटरचा असला तरी ओल चांगली जाते, आणि अर्ध्या तासाचा 40 मिलिमीटरचा धुमाकूळ बांध फोडून जातो.

आता खरी गंमत. ही ताशी मर्यादा फक्त मातीच्या जातीवर ठरत नाही. एकाच शेतात, एकाच मातीत, बांधावरच्या गवताखाली आणि बांधापासून दहा पावलांवरच्या उघड्या रानात ती दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते, कधी त्याहूनही जास्त. माती तीच, पाऊस तोच. फरक आहे तो वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये.

थेंब, पापडी आणि मच्छरदाणी

पावसाळा संपला की गावातल्या चुना लावलेल्या भिंतींकडे बघा. तळापासून फूट-दीड फुटापर्यंत मातकट पट्टा उमटलेला असतो. तो चिखल भिंतीवर कुणी फासत नाही, थेंब उडवतात. तुरीच्या दाण्याएवढा टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या पुढे असतो. असे लाखो थेंब उघड्या ढेकळांवर आपटले की ढेकळं फुटतात, त्यांची बारीक पूड होते आणि ती पूड पाण्याबरोबर मातीतल्या भोकांत जाऊन बसते. गाळणीत भाताची पेज अडकावी तसं. वर एक चकचकीत, चोपडा थर तयार होतो. वाळल्यावर त्याला पापडीसारखी खपली धरते, तिचे काठ उचकटतात. बाजरी उगवून वर येताना या पापडीखाली मोडते, हे पेरणी केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पापडी पाण्यालाही तशीच अडवते, हे मात्र तितकंसं लक्षात येत नाही. ती जाडीला एखाद-दोन मिलिमीटर असते, पण खालच्या तीन फूट मातीचं दार बंद करते.

ढेकूळ फुटण्यामागे थेंबाच्या माराखेरीज आणखी एक कारण असतं. कोरडं ढेकूळ एकदम भिजलं की पाणी चारी बाजूंनी आत घुसतं, आतली हवा कोंडते, दाबली जाते आणि ढेकूळ आतून फोडते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन हे बघता येतं. एक सुकं ढेकूळ वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानातलं घ्या, एक बांधावरच्या गवताच्या मुळांतलं. पहिलं मिनिटभरात बुडबुडे सोडत विरघळून खाली बसतं. दुसरं बराच वेळ आकार धरून राहतं. त्याला धरून ठेवतात मुळांचे केस, बुरशीचे तंतू आणि मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला डिंकासारखा चिकट पदार्थ. हा डिंक कुठल्याही पोत्यात मिळत नाही, तो सेंद्रिय माल खाऊन तयार होतो आणि खाणं बंद झालं की काही महिन्यांत संपतो.

आच्छादनाची किमया नक्की कशात आहे, हे दाखवणारा माझ्या आवडीचा एक प्रयोग आहे आणि त्यात एकही वनस्पती नाही. 1950 च्या दशकात तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, मृदसंधारणाचे अभ्यासक नॉर्मन हडसन यांनी जमिनीचे दोन सारखे तुकडे पूर्ण उघडे ठेवले. तण काढून टाकलेले, उतार सारखा, माती सारखी. एका तुकड्यावर जमिनीपासून थोड्या उंचीवर मच्छरदाणीची जाळी ताणली. पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडला. जाळीवर मात्र थेंब फुटून त्याचा तुषार झाला. वर्षानुवर्षं मोजमाप केल्यावर दिसलं की उघड्या तुकड्यावरची माती जाळीखालच्या तुकड्यापेक्षा शंभरपटीच्या आसपास जास्त वाहून गेली. माती अडवायला मुळं नव्हती, कुजायला पाला नव्हता, गांडुळांना खाणं नव्हतं. फक्त थेंबाचा मार अडला होता.

गवताचं पातं, ज्वारीचं धसकट, वाळकी पानं, तुराटी, एवढंच काय रानात विखुरलेले खडेसुद्धा हेच मच्छरदाणीचं काम करतात. आणि सगळी जमीन झाकायची गरज नसते. साधारण एक-तृतीयांश भाग झाकला गेला तरी धूप निम्म्याहून कमी होते. त्यापुढे फायदा वाढतो, पण पहिल्या घासाएवढा नाही. हा आकडा पुढे आपल्याला कामाला येणार आहे.

बिळांचं गणित

थेंब अडवला म्हणजे दार उघडं राहिलं. पण दारामागे रस्ता हवा ना. तो रस्ता करतात मुळं, गांडुळं, मुंग्या आणि, शेतकऱ्याला ऐकून बरं वाटणार नाही, वाळवी.

नळीतून पाणी किती जाईल याचा भौतिकशास्त्रातला एक नियम फार चमत्कारिक आहे. नळीचा व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट नाही, चौपटही नाही, सोळापट जातं. व्यास दहापट केला तर दहा हजारपट. मातीच्या कणांमधल्या सुईच्या टोकाहून बारीक फटी आणि गांडुळाचं तीन मिलिमीटरचं बीळ यांची तुलना करा. सरळ, गुळगुळीत नळीचा नियम वाकड्यातिकड्या बिळाला तंतोतंत लागू होत नाही हे खरं, पण अंदाज चुकत नाही: चौरस फुटात अशी दोन-चार बिळं असली तरी मोठ्या पावसात बहुतेक पाणी त्यांतूनच खाली उतरतं. बाकीची माती सावकाश, बाजूने, पुरवणीला भिजते.

मेलेलं मूळ हीही अशीच नळी असते. मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी बहुवर्षायू गवतं दरवर्षी आपल्या मुळांचा काही भाग टाकून देतात आणि नवी मुळं काढतात. जुनं मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळ नळी उरते. तुरीचं सोटमूळ तर कुळवाने कठीण झालेल्या तळालाही भोक पाडून खाली जातं. तूर काढल्यावर ते भोक पुढच्या पिकाला वारशाने मिळतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये वाळवीचा उपयोग लोकांनी मुद्दाम करून घेतला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेल हा तो कोरडा मुलूख, आणि पापडी धरून दगडासारख्या झालेल्या पडीक जमिनी. तिथले शेतकरी उन्हाळ्यात हातभर रुंद, वीतभर खोल खड्डे घेतात आणि त्यांत शेणखत, पालापाचोळा टाकतात. या पद्धतीला 'झाई' म्हणतात. पाला खायला वाळवी येते, खालून वर बोगदे पोखरते, पापडी फुटते, आणि पहिल्या पावसाचं पाणी या बोगद्यांतून खाली जातं. याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने ही जुनी रीत सुधारून पडीक जमिनीवर रान उभं केलं. 2018 मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. आपल्याकडे वाळवी दिसली की आधी औषधाची बाटली आठवते. उभ्या पिकाला लागली तर तसं करावंही लागतं. पण सुका काडीकचरा असला की तिचा मोर्चा बराचसा तिकडे राहतो.

काळ्या आईचा लहरी स्वभाव

काळ्या जमिनीचा कारभार निराळा. तिच्यातली चिकण माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात भारी रानाला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पहिल्या वळवाचं पाणी त्या भेगांतून धबाधबा खाली जातं, तेव्हा ओढ्याला टिपूसही येत नाही. मग माती फुगते, भेगा बुजतात, आणि तीच जमीन पाण्याला जवळजवळ नकार देते. म्हणजे काळ्या रानाला उदार म्हणावं तर मृगापर्यंत, आणि कंजूष म्हणावं तर हस्तात. नेमका सोलापूर भागातला मोठा पाऊस हस्ताचा.

त्यात आपली रब्बीची परंपरा. सोलापूर, मंगळवेढा, बार्शीच्या भारी जमिनी खरिपात मोकळ्या ठेवायच्या, कुळवाच्या पाळ्या मारत राहायच्या, पावसाची ओल साठवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी पेरायची. मग थंडीत एकही पाऊस नसताना साठलेल्या ओलीवर ज्वारी पोसते. चांगल्या खोल काळ्या जमिनीचा एक मीटर थर पिकाला उपयोगी पडेल असं 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकतो, त्यामुळे ही रीत खुळी अजिबात नाही. पाळीने पापडी फुटते, तण मरतं आणि वरची मोकळी माती खालच्या ओलीवर पांघरूण घालते. 'एक कोळपणी अर्धं पाणी देऊन जाते' ही म्हण उगाच आलेली नाही.

पण या रिवाजात एक भोक आहे. पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे जमिनीवर मार बसण्याचे नेमके दिवस, ती उघडी असते. प्रत्येक पाळीनंतर दोन-तीन तडाखे बसले की पुन्हा पापडी, पुन्हा पाळी. ढेकळांची पूड होत जाते आणि प्रत्येक वेळी पापडी थोडी लवकर धरते. हैदराबादजवळ पाटणचेरूला 'इक्रिसॅट' या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1976 पासून भारी काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. एकीकडे पावसाळ्यात मोकळं रान आणि मग रब्बी पीक. दुसरीकडे रुंद वरंबे-सऱ्या आणि पावसाळ्यातही पीक. पहिल्या पद्धतीत दर हेक्टरी वर्षाला सहा टनांहून जास्त माती वाहून गेली, दुसरीत दोन टनांच्या आत. पाणीही दुसऱ्या रानातून बरंच कमी वाहिलं. यातलं श्रेय एकट्या पिकाच्या सावलीचं नाही, वरंब्या-सऱ्यांचाही त्यात वाटा आहे. तरी उघडं रान महागात पडतं, हे दिसतंच.

आपल्याकडे पाऊस तिथल्यापेक्षा कमी आणि बेभरवशाचा, त्यामुळे खरिपात काहीही पेरून रब्बीची ओल घालवायची, हाही शहाणपणा नव्हे. दोन-अडीच महिन्यांत निघणारा मूग किंवा उडीद वेळेवर पाऊस झाला तर घ्यावा, नाहीतर शेताचे छोटे छोटे बंदिस्त वाफे पाडून पाणी जिथल्या तिथे उभं करावं. 1933 पासून कोरडवाहू शेतीवर काम करणारं सोलापूरचं संशोधन केंद्र ज्याला मूलस्थानी जलसंधारण म्हणतं, ते हेच. पाण्याला वाहायला उतार मिळाला नाही, तर कंजूष जमीनही सावकाश का होईना, पाणी पिते.

झाडं लावली की झालं?

मला वाटतं, या विषयात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. 'झाडं लावा, पाणी मुरवा' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. त्यातलं अर्धं खरं आहे.

थेंब आठ-नऊ मीटर उंचीवरून पडला तरी जवळजवळ पूर्ण वेग गाठतो. सागासारख्या मोठ्या पानावर पाणी गोळा होतं आणि पानाच्या टोकावरून पडणारा थेंब आभाळातल्या थेंबापेक्षाही टपोरा असतो. सागाच्या खाली पाचोळा जाळून किंवा झाडून जमीन लख्ख केली, तर उंच सावलीचा उपयोग काही नाही. मुळांपासची माती उकरली गेलेली दिसते. आच्छादनाचं काम जमिनीला टेकलेला पाला करतो, डोक्यावरचा नाही. म्हणून डोंगराला लागणारे वणवे मला जास्त खटकतात. जाळलं की गवत जोमानं येतं, ही समजूत घट्ट आहे. कोंब लुसलुशीत दिसतात हे खरं, पण फाल्गुनात जळालेला डोंगर ज्येष्ठापर्यंत नागडा राहतो, पहिले तडाखे सरळ मातीवर बसतात आणि राख भोकं बुजवायला हातभार लावते.

दुसरी गोष्ट, झाड पाणी पितं. पुसट दोन-तीन मिलिमीटरची सर दाट पानांवरच अडकून वाळते, खाली येतच नाही. आत गेलेल्या पाण्यातलंही बरंच झाड उपसून हवेत सोडतं. म्हणजे एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने भांडं रिकामं करायचं. यातला कुठला हात भारी, ते झाडं किती दाट आहेत त्यावर ठरतं. बुर्किना फासोतल्या सापोने भागात शिया झाडांच्या विरळ रानात मोजमाप झालं, त्याचा निष्कर्ष 2016 मध्ये आला: भूजलात सगळ्यात जास्त भर पडते ती मधल्या विरळ दाटीला. झाडंच नसतील तर पाणी शिरत नाही. फार झाली तर शिरलेलं पाणीही झाडं पिऊन टाकतात. चीनच्या लोएस पठारावर 1999 पासून प्रचंड लागवड झाली, धूप थांबली, आणि 2016 पर्यंत शास्त्रज्ञ सांगू लागले की आता तिथलं पाणी आणखी हिरवाई पेलणार नाही.

निसर्गाने स्वतः हा हिशेब कसा सोडवला, ते पश्चिम आफ्रिकेतल्याच नायजरमध्ये विमानातून दिसतं. नियामे शहराच्या आसपास, सोलापूरच्या जवळपास जाईल एवढ्याच पावसात, सपाट माळावर वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे आहेत: एक पट्टा झुडपांचा, एक पापडी धरलेल्या उघड्या जमिनीचा, पुन्हा झुडपांचा. उघड्या पट्ट्यावरचं पाणी सावकाश उताराने वाहत झुडपांच्या पट्ट्यात येतं आणि तिथे पाला, मुळं, वाळवी यांनी मोकळ्या केलेल्या जमिनीत मुरतं. त्यामुळे झुडपांना आभाळातून पडतं त्याहून बरंच जास्त पाणी मिळतं. सगळीकडे थोडी थोडी झाडं असती, तर कदाचित एकही जगलं नसतं. आपल्या शेताच्या बांधावर उतारभरचं पाणी येऊन थांबतं आणि तिथलं गवत, तरवड, बोर, हिवर भर उन्हाळ्यात तग धरून असतं. पद्धत तीच. बांध पेटवून साफ करणारा शेतकरी आपली पट्टी स्वतःच पुसतो.

माळरानांनाही याच चष्म्यातून बघायला हवं. कागदोपत्री 'ओसाड' लिहिलेली जमीन खरंच ओसाड असते असं नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडची जिवंत माळरानं पावसाळ्यात बघितली, तर गवताचा एकेक ठोंब म्हणजे एक छोटा बंधारा असतो. अशा चांगल्या गवतातून जेसीबीने चर खोदून आत झाडं लावणं म्हणजे चालू असलेलं गाळण काढून तिथे नवं बसवण्याचा खटाटोप.

कडब्याचा पेच

मग शेतात पालापाचोळा पसरा, विषय संपला? कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायला गेलात तर तो हसेल. ज्वारीचा कडबा ही त्याची दुसरी फसल असते. दुष्काळी वर्षी तर दाण्यापेक्षा कडब्याचाच आधार. जनावराच्या तोंडचा घास काढून जमिनीला घाला, असं म्हणणाऱ्याने गोठा बघितलेला नाही. म्हणून मघाचा आकडा महत्त्वाचा: तिसरा हिस्सा झाकला तरी पुष्कळ. जनावर जे खात नाही त्यातूनच तो काढावा लागतो. तुराट्या, पऱ्हाट्या, करडईचं भूस, बांधावरच्या गिरिपुष्पाची छाटणी, उसाच्या गावात पाचट. ज्वारी कापताना चार बोटं ऐवजी वीतभर धसकट ठेवलं तरी वाऱ्या-पाण्याला अडथळा होतो. चुलीचं सरपण आणि हे आच्छादन यांच्यातही ओढाताण असतेच. गॅस आलेल्या घरात ती जरा कमी झाली आहे.

चराईचं तसंच. मेंढरं बसवली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी धनगरांना धान्य देऊन वाडा बसवून घेत. बिघडतं ते ओल्या, मऊ जमिनीवर खूर पडल्यावर आणि गवताला डोकं वर काढायला उसंत न मिळाल्यावर. खुराखाली मोठी भोकं आधी दबतात, आणि पाण्याचा रस्ता तीच तर होती. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट सांगताना लोक बंधारे आणि पोपटराव पवारांचं नेतृत्व सांगतात, ते योग्यच आहे. पण त्या गावाच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही दोन सूत्रं होती, त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. डोंगरावर जनावर न सोडता गवत विळ्याने कापून आणायचं. मुळं जागेवर राहतात, ठोंब राहतो, खूर पडत नाही, आणि चाराही मिळतो. समतल चर दोन-तीन वर्षांत गाळाने भरत आले, तोवर त्यांचं काम गवताने उचललेलं असतं. शिवाय त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर बंदी घालून मुरलेलं पाणी उपसण्यावरही लगाम घातला. आपला काळा कातळ फार पाणी साठवत नाही. वरचा मुरूम आणि कातळातल्या भेगा एवढीच काय ती टाकी.

माथ्यावर गवत नसेल तर पायथ्याच्या कामांचं काय होतं, ते कुठल्याही जुन्या पाझर तलावात दिसतं. डोंगरावरून आलेला बारीक गाळ तळाला बसतो, आणि तोही एक पापडीच असते, जाड आणि कायमची. 'पाझर' तलाव पाझरणं सोडून देतो. नाला खोल केला की पहिल्या पावसात तुडुंब भरतो, फोटो छान येतो. दोन-चार वर्षांनी तोच गाळ काढायला पुन्हा मशीन. माथा ते पायथा असं म्हणायची पद्धत जुनी आहे, फक्त पैसा पायथ्यापासून खर्च व्हायला लागतो, कारण माथ्यावरच्या गवताचं उद्घाटन करता येत नाही.

हे सगळं आपल्या रानात तपासायचं असेल तर उपकरण घरचंच आहे. गोड्या तेलाचा पाच किलोचा गोल डबा किंवा सहा इंची पाइपचा फूटभर तुकडा घ्या, दोन्ही बाजूंनी उघडा. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने तो दोन-तीन इंच जमिनीत ठोका. आतली जमीन हलवायची नाही, पापडी असेल तर असू द्यायची. आत मापाने पाणी ओता, दोन इंच उभं राहील एवढं, आणि मोबाइलवर वेळ लावा. पाणी पूर्ण जिरलं की पुन्हा तेवढंच ओता. पहिल्या वेळेला भुलू नका, कोरडी जमीन पहिलं पाणी घटाघटा पिते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेचा आकडा खरा. एक जागा बांधावरच्या गवतात, एक उघड्या रानात, एक गुरांच्या पायवाटेवर, एक बाभळीखाली. काळ्या रानात भेग टाळून डबा ठोका, नाहीतर पाणी पाताळात जाईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. हे एकदा मेमध्ये करायचं आणि एकदा पोळ्याच्या सुमारास. पायवाटेवरचा डबा ठोकलात की चहा सांगा, तिथे बसून राहावं लागतं.